हगामा आणि लीग

नगर जिल्ह्यात खेळ म्हटला की हगामा. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पहिल्या दिवशी देवाचा छबिना निघतो, रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. सुरुवात रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून होते, मग जोडीगणिक इनाम वाढत जातं, आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. तोवर हलगीवाल्याचे हात भरून आलेले असतात. शेवटच्या कुस्तीचे मल्ल बहुतेक बाहेरचे असतात; कोल्हापूरचा एक, पुण्याच्या तालमीतला एक, गावाने जरा जास्त वर्गणी काढली असेल तर हरियाणाचा एखादा. जिंकणारा फेटा बांधून घेतो, इनाम घेतो आणि रात्रीच्या आत पुढच्या गावाला निघतो. गाव त्याला वर्षभर आठवतं. त्याला गाव आठवत असेलच असं नाही.

हगाम्याची मला गोडी आहे, त्याची कुचेष्टा करायची नाही. तरी एक प्रश्न बरीच वर्षं डोक्यात आहे. या जिल्ह्यात मैदानं होती, गोऱ्यांची छावणी होती, मिशनच्या शाळा होत्या, तालमी होत्या. मग दर आठवड्याला त्याच दोन-चार मोहल्ल्यांनी एकमेकांसमोर उभं राहावं, हरावं, पुन्हा पुढच्या रविवारी यावं, अशी एखादी जुनी, नावाजलेली लीग इथे का उभी राहिली नाही? उत्तर शोधायला जर्मनीपर्यंत जावं लागलं, पुस्तकांतून का होईना.

जर्मनीतही आधी तालीमच होती. फ्रीडरिश लुडविग यान या गृहस्थाने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहाइडे इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. नेपोलियनच्या फौजांनी देश तुडवलेला होता. पोरं बळकट झाली तर राष्ट्र उभं राहील, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तालमींमागे जे बोललं गेलं तेच. त्या व्यायाम मंडळांचं जाळं पुढे जर्मनीभर पसरलं. १८७४ मध्ये ब्राउनश्वाइगच्या शाळेत कोनराड कोख या मास्तराने मुलांना इंग्रजांचा चेंडू खेळायला दिला, आणि पंचवीस वर्षांत तो चेंडू व्यायामवाल्यांच्या डोळ्यात खुपू लागला. १८९८ मध्ये श्टुटगार्टच्या कार्ल प्लांक नावाच्या व्यायामशिक्षकाने फुटबॉलवर अख्खी पुस्तिका लिहिली. वाकून लाथ मारणारा माणूस माकडासारखा दिसतो, हा त्याचा मुद्दा, आणि या खेळाला त्याने ‘इंग्रजी रोग’ म्हटलं. म्हणजे आखाड्याने चेंडूला दारात उभं केलं नाही. दोघांची चूल इतकी वेगळी झाली की १९२० च्या दशकात संघटनांच्या पातळीवर रीतसर वाटणी करावी लागली.

तोवर शहराशहरांत क्लब निघाले होते. वाल्टर बेन्झेमान या हुन्नरी तरुणाने १८९१ मध्ये कार्ल्सरूहेत क्लब काढला, तो पुढे कार्ल्सरूहर एफव्ही म्हणून नावारूपाला आला. १९०० च्या जानेवारीत लाइपझिगच्या एका उपाहारगृहात ८६ क्लबांनी मिळून राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. १९०३ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद लाइपझिगने घेतलं. इथपर्यंत सगळा हगामाच. गावचा विजेता जिल्ह्याला, जिल्ह्याचा प्रांताला, एक हरला की घरी. मग १९०८ मध्ये दक्षिण जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने प्रदेशाचे भाग पाडून लीग सुरू केल्या. त्यातली एक झ्यूडक्राइस लीग, म्हणजे दक्षिण मंडळाची: बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि त्यावेळी जर्मनीकडे असलेला अल्सास-लोरेन. कार्ल्सरूहे, श्टुटगार्ट, फोर्झहाइम, श्ट्रासबुर्ग ही त्यातली गावं. नकाशावर पाहिलं तर तसा मोठा मुलूख नव्हे.

लीग म्हणजे काय, तर वेळापत्रक. ही कल्पना इंग्लंडची. १८८८ मध्ये ॲस्टन व्हिला क्लबचा विल्यम मॅकग्रेगर हा कापडदुकानदार इतर क्लबांना पत्र लिहितो: खेळाडूंना आता पगार द्यावा लागतो, पण सामने ऐनवेळी रद्द होतात, चषकात पहिल्याच फेरीत हरलं की गल्ला रिकामा, तेव्हा आपण काही क्लबांनी मिळून दरवर्षी एकमेकांशी ठरलेले सामने खेळायचे, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. बारा क्लब तयार झाले. यात भावनेला फार जागा नाही, हिशेब आहे. पण हिशेबातून एक विचित्र गोष्ट निघते. हगाम्यात समोरचा हरला की तो संपला. लीगमध्ये समोरचा संपला तर आपणही संपलो, कारण पुढच्या रविवारी खेळणार कोणाशी? प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा बांधावरून भांडणारे शेतकरी एकाच गव्हाणीवर ऊस टाकायला लागले. लीग ही त्याच जातीची गोष्ट आहे. सहकाराची चळवळ ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला शिकवली, त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

दक्षिण मंडळाच्या लीगने काय केलं ते पाहा. पहिल्याच हंगामानंतर, १९०९ मध्ये, तिथल्या फिनिक्स कार्ल्सरूहे संघाने बर्लिनच्या व्हिक्टोरियाला ४-२ असं हरवून जर्मनीचं विजेतेपद घेतलं. पुढच्या वर्षी कार्ल्सरूहेच्याच दुसऱ्या संघाने, बेन्झेमानच्या एफव्हीने, उपांत्य सामन्यात फिनिक्सला २-१ असं नमवलं आणि अंतिम सामन्यात कीलच्या संघावर एका गोलने मात केली. एका मध्यम आकाराच्या गावातले दोन शेजारी क्लब लागोपाठ देशाचे विजेते. बर्लिन, हॅम्बुर्ग ही मोठी शहरं पाहत राहिली. हे गाव काही बलदंड माणसांचं नव्हतं. रोजचा तोलामोलाचा शेजारी त्यांना मिळाला होता, एवढंच. थोड्या वर्षांनी हेच न्यूरेंबर्ग आणि फ्युर्ट या लगतच्या शहरांनी केलं. १९२४ मध्ये हॉलंडविरुद्ध जर्मनीचा राष्ट्रीय संघ फक्त या दोन क्लबांच्या खेळाडूंचा होता, आणि ते एकाच गाडीत वेगवेगळ्या डब्यांत बसून गेले म्हणतात. देशासाठी जिंकायचं, पण शेजाऱ्याशी बोलायचं नाही. आपल्या भावकीला हे नवीन नाही.

आता नगर. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला लागून छावणी वसली. फुटबॉल हिंदुस्थानात पलटणींबरोबर आला, आणि पलटणींनी इथे आधी चषक सुरू केले. सिमल्याचा ड्युरँड १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स १८९१ चा. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन. हिंदी संघाने तो चषक उचलायला १९३७ उजाडावं लागलं, बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकला. नगरच्या छावणीत चेंडू होता, पण छावणीतला माणूस मुक्कामाचा असतो. पलटणीची बदली झाली की संघही गाडीत बसतो. शेजारी तयार व्हायला दोन-तीन पिढ्या लागतात, आणि नगरला बाहेरून आलेला जवळजवळ प्रत्येक जण तात्पुरता होता. बोअर युद्धातले कैदी आले आणि गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानभरचे जर्मन इथल्या बराकींत आणून ठेवले, त्यांत बासेल मिशनचे पाद्रीही होते. १९३९ मध्ये ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत पकडला गेला आणि नगरला आला, मग देवळालीला, मग डेहराडूनला. तिथून पळून तो तिबेटात गेला. १९४२ ते ४५ नेहरू, आझाद आणि काँग्रेसची कार्यकारिणी किल्ल्यात होती. कार्ल्सरूहेच्या लीगचे सामने पाहिलेला एखादा माणूस आपल्या भिंगारच्या बराकीत चार वर्षं बसून गेला असेल, अशी कल्पना मला करावीशी वाटते. त्याने काही फरक पडला नसता. कैदी आणि शिपाई यांच्याकडून गावाला खेळ मिळतो. लीग गावाला स्वतःच घालावी लागते.

मुंबईत लीग आली, १९०२ मध्ये, हारवुड नावाने. पुढे तिथला फुटबॉल गिरण्या, बँका, रेल्वे आणि कंपन्यांच्या जिवावर वाढला: कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळाली ही फार मोठी गोष्ट होती, तिला नावं ठेवणाऱ्याने आधी स्वतःचा पगार सोडावा. पण कंपनीचा संघ कंपनीबरोबर जातो. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. कोणत्या गल्लीत त्या दिवशी चूल पेटली नाही? अशी गल्लीच नव्हती. रोव्हर्स चषकही नव्या शतकाच्या तोंडावर थांबला.

महाराष्ट्रात हे कोडं एकाच शहराने सोडवलं, कोल्हापूरने, आणि तेही जर्मनांच्या नेमकं उलट वागून. तिथे तालमीने चेंडूशी भांडण मांडलं नाही, त्याला घरात घेतलं. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं त्याच शहरात संघांची नावं आजही पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी आहेत. राजाराम महाराजांच्या काळात खेळाला दरबारचा आधार मिळाला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, आणि केएसएच्या लीगसाठी शाहू स्टेडियम भर दुपारी भरायला लागलं. मंगळवार पेठेतला मुलगा कोणत्या संघाचा, हे तो जन्मतानाच ठरलेलं असतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. आपल्या जिल्ह्यानेही खेळाडू दिले: झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. पण दोघे घडले बाहेर. नगरने मुलगा दिला, मैदान दुसऱ्याने दिलं.

कोल्हापूरचं कौतुक करताना तिथल्या हाणामाऱ्याही सांगितल्या पाहिजेत. समर्थकांच्या दंग्यांमुळे सामने थांबवण्याची वेळ तिथे आलेली आहे. शेजारपणाला धार असते आणि ती कुठेही वळते. कार्ल्सरूहेच्या १९१० च्या विजयी संघात युलियुस हिर्श आणि गॉटफ्रीड फुक्स हे दोन ज्यू खेळाडू होते. फुक्सने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एका सामन्यात दहा गोल केले. १९३३ च्या एप्रिलमध्ये दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या क्लबांनी ज्यूंना वगळण्याच्या धोरणाला जाहीर पाठिंबा दिला, त्यांत हिर्शचा स्वतःचा क्लबही होता. ते वाचून त्याने आपण होऊन राजीनामा दिला. १९४३ मध्ये त्याला आउशवित्झला धाडलं, तो परतला नाही. फुक्स कॅनडाला निसटला म्हणून वाचला. ज्या मंडळाने माणसाला ‘आपला’ म्हटलं, त्यानेच एका सकाळी त्याला परका ठरवलं.

म्हणून आपल्याकडे लीगचा विचार करताना पहिला प्रश्न मैदानाचा नाही. गावचा संघ म्हणजे कोणाचा संघ? वरच्या आळीचा, की वेशीबाहेरच्या वस्तीतल्या पोराचाही? हगाम्यात मल्ल बाहेरून येतो, त्यामुळे हा प्रश्न गावाला टाळता येतो. लीगमध्ये अकरा जणांची नावं लिहावी लागतात. ती यादीच गावाचं खरं रूप दाखवते, आणि माझ्या मते बऱ्याच गावांना ते पाहायचं नसतं. मुलींच्या संघाचं तर पुढचंच. फार टोचून घेऊ नये म्हणून सांगतो, जर्मन महासंघाने १९५५ ते १९७० आपल्या क्लबांना बायकांच्या फुटबॉलची बंदी घातली होती.

दुसरा प्रश्न वेळेचा. युरोपात लीग फोफावल्या त्या कामगाराला सुट्टी मिळाल्यावर. इंग्लंडात शनिवारची दुपार मोकळी झाली, जर्मनीत १९१८ च्या नोव्हेंबरात आठ तासांचा दिवस आला आणि मैदानं भरली. आमच्या पाथर्डी-शेवगावकडचा जवान पोरगा दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. देशातले फुटबॉलचे हंगाम ज्या थंडीच्या महिन्यांत चालतात, नेमका तेव्हाच तो फडात असतो. मुंबईच्या पावसात कूपरेजचा चिखल व्हायचा, त्या भीतीने पावसाळा टाळण्याचं इथे कारण नाही. आपण पर्जन्यछायेत राहतो, पाऊस येऊन येऊन येतो किती. इथली लीग जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या आत संपली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाची नक्कल केली तर निम्मा तालुका संघाबाहेर राहील.

जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, सगळ्यांनी एकदम उठायची गरज नाही. पाथर्डी किंवा शेवगावच्या क्रीडाशिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. सहा गावं निवडा, एकमेकांपासून सायकलवर जाता येईल अशी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. तीस सामने, दहा रविवार. बाहेरचा खेळाडू घ्यायचा नाही, गावातला कोणी वगळायचा नाही, आणि रोख इनाम ठेवायचं नाही. यात्रेच्या वर्गणीतून चेंडू आणि शिट्टी येते. वेळापत्रक मात्र आधी छापा, आणि शेवटच्या क्रमांकाच्या संघालाही पुढच्या वर्षीची तारीख त्याच दिवशी द्या.