बाहेरची शिवण

एका गावात शिवणकाम करणारी एक बाई राहत होती. सारं गाव तिला मावशी म्हणत असे. घराच्या पडवीत तिचं पायानं चालवायचं मशीन होतं. लग्नसराईत पोलकी, जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीच्या आधी परकर, असं तिचं वर्ष जाई. वय झालं होतं, तरी चष्म्याशिवाय ती सुईत दोरा ओवी. शिलाई चोख मोजून घेई. पण कुणाच्या घरी पाळणा हलणार असला, की त्या घरच्या बाळंतविड्याचे पैसे ती घेत नसे. "पैसे राहू देत, घरातलं जुनेर तेवढं आणून द्या," असं म्हणे.

मग कुणी आजीचं सुती लुगडं आणून देई, कुणी आजोबांचं धोतर. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालेलं असे. मावशी कापड उजेडात धरून बघे. विरलेला भाग कापून बाजूला टाकी. उरलेलं उकळत्या पाण्यातून काढी आणि दिवसभर कडक उन्हात वाळवी. त्यानंतरच कात्री हातात घेई.

झबलं 12 इंच लांब, 9 इंच रुंद. बाह्या आखूड आणि सैल, म्हणजे आईला बाहीत दोन बोटं घालून बाळाचा हात अलगद बाहेर घेता येई. बटण ती कधी लावत नसे, कारण बटण तुटतं आणि तोंडात जातं. झबलं पुढून उघडं आणि बांधायला कापडाचेच बंद. अशी 6 झबली, 2 टोपरी, 24 लंगोट आणि 2 दुपटी. दुपट्याला मशीन लागत नसे. रात्री जेवणं आटोपली, की मावशी दिव्याखाली बसून तीन पदरी कापडावर हातानंच धावदोरा घाली. सगळ्यात शेवटी कुंची. ती मात्र नव्या खणाची, आतून मलमलीचं अस्तर, कडेनं गोट आणि मागच्या बाजूला मण्यांचं फूल.

शेजारची एक मुलगी दहावीनंतर मावशीकडे शिवण शिकायला येऊ लागली. हात चलाख होता. टीप सरळ जमली, मग काजं जमली, मग पोलक्याची बाहीसुद्धा न ओढता बसू लागली. एके दिवशी मावशीनं तिला झबलं शिवायला दिलं. मुलीनं ते शिवलं, उलटवून सरळ केलं आणि मावशीच्या हातात दिलं. मावशीनं ते पुन्हा उलटवलं. शिवणीची माया बाहेरच्या अंगाला दुमडून तिच्यावरून आणखी एक टीप मारली आणि झबलं दोरीवर टाकलं.

"मावशी, उलटं झालं ते."

"तान्ह्याचं असंच असतं."

"पण शिवण बाहेर दिसतेय."

"दिसू दे की. तान्ह्या बाळाला सरळ-उलटं कळत नाही. बोचतं तेवढं कळतं. आणि बोचलं तरी कुठं बोचतंय, ते त्याला सांगता येत नाही."

"आणि बघणाऱ्यांचं काय?"

"बघणाऱ्यांसाठी कुंची शिवलीय ना! तिच्यावर काय हवं ते लाव. आतलं मात्र बाळाच्या मनासारखं."

मुलीनं मान हलवली. पण दोरीवरचं ते झबलं तिच्या डोळ्यांना खुपतच राहिलं.

पुढे ती तालुक्याला शिवणवर्गाला गेली. कागदावर नमुने काढायला शिकली, चुण्या, पायपिंग, झालर शिकली. परत आली तेव्हा बचतगटाचं कर्ज काढून तिनं विजेवरचं मशीन घेतलं, इंटरलॉकचं मशीन घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. मावशीला आनंद झाला. "नव्या तऱ्हेचं हवं असेल तर तिच्याकडे जा," असं ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगू लागली.

त्याच वर्षी मुलीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गोरीपान मुलगी झाली. आई म्हणाली, "मावशींकडे जुनेर देऊन येऊ का?"

"आई, अगं घरात मी असताना?"

बारा दिवस बाळ धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेलं होतं. मुलगी रात्री जागत होती, तिच्या मशीनवर गुलाबी सॅटिनचा फ्रॉक तयार होत होता. त्याला नेटची तीन पदरी झालर, गळ्याला जरीची लेस, पाठीला चेन. आतल्या कडा इंटरलॉक केलेल्या. उलटवून पाहिला तरी एक दोरा सुटा दिसला नसता.

बारशाच्या दिवशी फ्रॉक आधी बायकांच्या हातांतून फिरला. "अगदी दुकानातल्यासारखा झालाय गं!" असं जी ती म्हणाली. मुलीला गगन ठेंगणं झालं. मग फ्रॉक बाळाला घातला, वर टोपरं बांधलं आणि बाळाला पाळण्यात ठेवलं.

बाळ रडू लागलं.

आधी सगळ्यांना वाटलं, भूक लागली. बहिणीनं पदराखाली घेतलं, पण ते प्यायला तयार होईना. मग वाटलं, पोट दुखतंय. पोट शेकायला फ्रॉक वर केला, तसं ते आणखी किंचाळलं. एक आजी म्हणाल्या, "एवढं सजवलंत, दृष्ट लागणारच." मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. रडणं थांबेना.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. "ओलं केलं असेल पोरीनं," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. फ्रॉक चुरगळू नये म्हणून मुलगीही मागोमाग गेली.

मावशीनं पाठीची चेन उघडली आणि फ्रॉक उतरवला. जिथं लेसचं टोक टेकत होतं, तिथं मानेवर लाल रेघ उठली होती. दोन्ही काखांत नेटची कड घासून बारीक पुरळ आल्यासारखं झालं होतं. मावशीनं पिशवीतून एक झबलं काढलं. ते बाळाला घालून बंद बांधले, दुपट्यात गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. बाळानं दोन हुंदके दिले आणि ते गप्प झालं. मुलगी दाराशी उभी होती. मावशी तिला काहीच बोलली नाही.

दोघी बाहेर आल्या. दुपटं जरा बाजूला झालं आणि एक आत्याबाई हसल्या.

"अहो मावशी, झबलं उलटं घातलंत की!"

दुसरी वाकून म्हणाली, "घातलं नाही, शिवलंयच उलटं. शिवणी बघा कशा बाहेर आल्यात. मावशी, नजर गेली हो तुमची. आता सगळं काम या पोरीवर सोपवा."

बायका हसल्या. मावशीही हसली. "हो गं बायांनो, वय झालं. चुकते आता नजर. फ्रॉक ओला झाला, नाहीतर पोरीला केवढा शोभत होता!"

मुलीच्या ओठांवर शब्द आले होते. पण मावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. इतरांनी सूर धरला. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, घर रिकामं झालं.

त्या रात्री मुलीनं फ्रॉक उलटा केला आणि त्याच्या आतल्या कडा आपल्या गालावरून फिरवल्या. मग गळ्यावरून, मग काखेत. दिवा मालवला तरी तिला झोप आली नाही.

सकाळी ती मावशीच्या पडवीत जाऊन बसली. मावशी सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच खेपेला तो नेढ्यातून आरपार गेला.

"मावशी, काल तुम्ही खोटं का बोललात? चूक माझी होती. हसल्या मात्र तुम्हाला."

मावशीनं दोऱ्याला गाठ मारली. "तुझं दुकान नवं आहे. चारचौघींत तुझं नाव निघालं असतं, तर ते तुला लागलं असतं. माझं काय? इतकी वर्षं शिवतेय. माझी कातडी आता जाड झालीय. मला नाही बोचत."

मुलगी बराच वेळ बसून राहिली. मग उठून तिनं पिशवीतलं जुनं लुगडं काढलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "मावशी, यात किती झबली बसतील?"

त्यानंतर मुलीच्या दुकानातले फ्रॉक बदलले. झालर राहिली, लेस राहिली, नेटही राहिलं. पण आत मलमलीचं अस्तर आलं, आणि सगळ्या शिवणी वरच्या कापडाच्या नि अस्तराच्या मध्ये जाऊन बसल्या. संक्रांतीला भाचीचं बोरन्हाण होतं. काळं झबलं शिवताना तिनं तेच केलं. हलव्याचे दागिने आले. हार, मुकुट, बाजूबंद, सगळे काटेरी. तिनं एकेका दागिन्याला मागून मऊ कापडाची पट्टी टाचली. बायकांनी वरचा पांढराशुभ्र हलवा पाहिला आणि वाहवा केली. मागची पट्टी कुणाला दिसली नाही. बोरं, चुरमुरे, हरभरे डोक्यावरून पडत होते आणि भाची टाळ्या पिटत होती.

तान्ह्यांची झबली मात्र ती शिवणी बाहेर ठेवूनच शिवू लागली. आणि बाळंतविड्याचे पैसे तिनंही कधी घेतले नाहीत.

बरीच वर्षं गेली. मावशी थकली आणि अंथरुणाला खिळली. तिच्या भाच्याची बायको मन लावून सेवा करत होती. मावशीचं बोलणं हळूहळू कमी झालं. कुठं दुखतंय, काय हवंय, तेही तिला धड सांगता येईना. एकदा मुलगी भेटायला गेली, तेव्हा मावशी सारखी कण्हत होती. औषधाची वेळ झाली नव्हती, तापही नव्हता. मुलीनं तिचं पोलकं सैल केलं. काखेतल्या शिवणीखाली कातडी लाल झाली होती. म्हातारपणानं ती इतकी पातळ झाली होती, की नुसतं दाबलं तरी डाग उठावा.

मुलगी घरी आली. आईच्या पेटीतलं जुनं सुती लुगडं तिनं काढलं. उकळलं, उन्हात वाळवलं. मग बेतलं: पुढून उघडं, बाह्या सैल, बटणांच्या जागी बंद, आणि शिवणी सगळ्या बाहेर. अशी 4 पोलकी घेऊन ती दुसऱ्या दिवशी गेली. भाच्याच्या बायकोच्या मदतीनं तिनं मावशीला त्यातलं एक घातलं. मावशीचं कण्हणं थांबलं.

दुपारी गावातल्या दोघीतिघी समाचाराला आल्या. त्यांतली एक पोलक्याकडे बघत म्हणाली, "अगं, एवढी नावाजलेली शिवणारीण तू, आणि हे उलटं कसं शिवलंस?"

"घाई झाली," मुलगी म्हणाली. "ध्यानातच आलं नाही."

मावशीनं थरथरता हात उचलला आणि बाहीवरची शिवण बोटानं चाचपली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाहुण्या बायकांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला.

दोन कापडं जोडली की शिवण आलीच, आणि शिवणीची एक बाजू खरखरीत असतेच. कितीही चांगला हात असो, ती बाजू नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या अंगाकडे ठेवायची, एवढंच शिवणाऱ्याच्या हातात असतं. माणसं जोडतानाही असंच होतं. तिथंही काही ना काही बोचणारं उरतंच, आणि ते कुणीतरी आपल्याकडे घ्यावं लागतं. तान्हं बाळ, आजारी माणूस, नुकताच कामाला लागलेला नवखा, अशांना बोचतं फार आणि सांगता येतं कमी. त्यांच्या अंगाला मऊ बाजू लागू द्यावी. मग बघणाऱ्यांनी आपल्या कामाला उलटं म्हटलं, तर खुशाल म्हणू द्यावं.