मर्जीतली दासी



शिवनेरी आपल्याला ठाऊक आहे तो शिवजन्मामुळे, आणि ते योग्यच आहे. पण त्या जन्माच्या वीसेक वर्षे आधी याच जुन्नरात काही काळ निजामशाहीचा दरबार भरत होता, आणि तो चालवत होता एकेकाळचा गुलाम. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणीच विकला गेला, या हातातून त्या हातात जात दख्खनमध्ये पोहोचला. निजामशाहीचा मंत्री चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढे अंबरनेच दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली.

त्या मुलीची एक हकिकत पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. सुलतानाची दुसरी बेगम इराणी वंशाची होती. भांडणात ती अंबरच्या मुलीला म्हणाली, तू तर गुलाम बटीक. ही गोष्ट बापाच्या कानावर गेली. १६१० साली सुलतान आणि ती बेगम, दोघेही विषप्रयोगाने मारले गेले. (हा खूनच होता. अंबरच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचे कौतुक आपण शाळेत शिकलो म्हणून तो धुऊन निघत नाही.) मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की बाप राज्याचा सूत्रधार आणि नवरा सुलतान असूनही त्या मुलीला जुन्या जागी ढकलायला एक शब्द पुरला.

अशा गोष्टी ऐकल्या की काही जण म्हणतात, बघा, आपल्याकडची गुलामी अमेरिकेतल्यासारखी नव्हती, इथे गुलामालाही वर चढता येत होते. स्त्रियांची उदाहरणेही दिली जातात. तुर्कस्तानच्या दरबारात विकत आणलेली हुर्रेम ही सुलतान सुलेमानची विवाहित पत्नी झाली आणि राजकारणात तिचा शब्द चालू लागला. मग राणीवशातील दासी इतक्या मोठ्या होत असतील, तर ती गुलामी खरोखरच एवढी वाईट होती का? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

उत्तरासाठी तुर्कस्तानला जायची गरज नाही, साताऱ्याचे उदाहरण आहे. छत्रपती शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांचे लग्न झाले, तेव्हा वधूबरोबर आलेली विरूबाई ही दासी होती. बादशहाला नवी सून पाहायची होती, तेव्हा राणीऐवजी विरूबाईलाच नटवून पुढे केले, अशी आख्यायिका आहे. पुढे १७०७ मध्ये शाहू महाराज सुटले आणि सातारची गादी उभी राहिली, तेव्हा राजवाड्याचा सारा कारभार विरूबाईच्या हाती आला. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्याही तिचा मान ठेवत. पारदच्या लोखंडे पाटलाचा मुलगा महाराजांनी आपलासा केला, तोच अक्कलकोटचा फत्तेसिंह भोसले. त्याला विरूबाईने आईसारखे वाढवले. २४ डिसेंबर १७४० रोजी ती वारली, तेव्हा मुलाच्या नात्याने तिचे अंत्यविधी त्यानेच केले.

विरूबाईविषयी मला आदरच वाटतो. इतक्या माणसांचे घर सांभाळणे, सवतींच्या भांडणात दोघींचाही विश्वास मिळवणे, हे मर्जीने होत नाही, त्याला स्वतःचे शहाणपण लागते. दासी होती म्हणून तिच्या कर्तृत्वावरचे तिचे नाव पुसणे हाही अन्यायच. पण एक प्रश्न राहतो. तिला "नाही" म्हणता आले असते का? बादशहापुढे जायला नाही, महाराजांच्या शयनगृहात जायला नाही, साताऱ्याला जायला नाही? महाराज स्वभावाने प्रेमळ होते, हे तिचे भाग्य. तो तिचा हक्क नव्हता. मर्जीने मिळालेली सत्ता कितीही मोठी असली, तरी तिची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते.

आणि विरूबाई एकच झाली. त्याच काळात पुणे प्रांतात आणि मराठी मुलखात कितीतरी कुणबिणी आणि बटकी होत्या. दुष्काळात विकलेल्या, लढाईत धरून आणलेल्या, "बदकर्म" केले म्हणून सरकारजमा झालेल्या. कोठीत दळण, पागेत शेण, थट्टीत गुरे. लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर त्या आंदण जात. कुणबिणीची मुलगीही धन्याचीच. विरूबाईचे नाव घेऊन या सगळ्यांची गुलामी सौम्य ठरवणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून गावात गरिबी नाही म्हणण्यासारखे आहे.

पवित्र शास्त्रात हागार आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय घरी पुन्हा वाचा. सारायने आपली मिसरी दासी नवऱ्याला दिली. हागारला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. गर्भ राहिल्यावर हागार मालकिणीला तुच्छ लेखू लागली. शास्त्र हे लपवत नाही, पीडित माणूसही पाप करू शकतो. मग सारायने तिचा छळ केला आणि ती रानात पळाली. अब्राम आणि सारायच्या तोंडी तिचे नाव येत नाही, "दासी" एवढेच येते. देवाचा दूत मात्र तिला "हागार" अशी हाक मारतो. आणि देवाला नाव देणारी शास्त्रातली पहिली व्यक्ती हीच दासी आहे: मला पाहणारा देव.

आपल्या चर्चनेही हे नीट ओळखायला फार वेळ लावला, ते मान्य केले पाहिजे. पोर्तुगीज गोव्यात ख्रिस्ती घरांतून गुलाम राबत होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिले की लग्न करावे की कौमार्य पाळावे यात दास धन्याची आज्ञा पाळायला बांधलेला नाही, कारण देहाच्या बाबतीत सर्व माणसे निसर्गतः समान आहेत. एवढ्या एका वाक्याने जगातले सगळे जनानखाने अवैध ठरतात! पण थॉमस यांनी गुलामीच मोडा असे म्हटले नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पोप सोळावे ग्रेगरी यांचे पत्र आले ते १८३९ मध्ये. चार वर्षांनी, १८४३ च्या कायद्याने, हिंदुस्थानातील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले.

संत जोसेफिन बखिता सुदानमध्ये लहानपणी पळवली गेली, अनेकदा विकली गेली. एका तुर्की सेनापतीच्या घरी तिच्या अंगावर जखमा करून नक्षी कोरली गेली. शेवटी ती एका इटालियन कुटुंबाकडे आली. तिथे तिला मारहाण नव्हती. तिने सांभाळलेली छोटी मुलगी तिच्यावर जीव टाकत होती. मालकीण तिला परत आफ्रिकेला न्यायला आली, तेव्हा व्हेनिसमध्ये कनोसा भगिनींच्या आश्रयाला असलेली बखिता म्हणाली, मी येणार नाही. प्रकरण कोर्टात गेले आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निकाल लागला. मालकिणीवर तिचा राग नव्हता. तिला सोडून जाताना आपल्याला दुःख झाले, असे बखितानेच पुढे सांगितले आहे. म्हणजे तक्रार वाईट वागणुकीची नव्हतीच.

हे सारे मी रविवारच्या पत्रकात का लिहितो? कारण आपल्याही घरांत "ती आमच्या घरच्यासारखीच आहे" हे वाक्य फार सहज बोलले जाते. कामाला ठेवलेल्या मुलीबद्दल, गावाकडून आणलेल्या लांबच्या नात्यातल्या पोरीबद्दल. बोलणारे बहुधा मनापासून बोलतात. जुने कपडे देतात, आजारपणात औषधपाणी करतात. ऊस तोडायला येणाऱ्या जोडप्यांबद्दलही मुकादम असेच प्रेमाने बोलतो. पण उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याला दुसरीकडे जाता येते का, हे त्याला विचारा. आणि घरच्यासारख्या त्या मुलीला पगाराची तारीख माहीत आहे का, तिला आठवड्याची सुट्टी आहे का, पाहुणे येणार असताना ती "आज मी येणार नाही" म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिचे काम राहील का, हे तिलाच विचारा. विचारताना मालकीण शेजारी नसावी.