संघाबाहेरचा सोबती

जयपूरहून दिल्लीकडे जाताना गुडगावच्या अलीकडे मानेसर लागते. कचेरीच्या कामानिमित्त होणाऱ्या फेऱ्यांमुळे हे नाव आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तेथील मारुती सुझुकीच्या मोटार कारखान्यात २०११ साली कंपनीच्या पटावरील कायम कामगार आणि ठेकेदाराने पुरविलेले कंत्राटी कामगार शेजारी शेजारी राबत होते. वेतन मात्र निरनिराळे होते. अशा कारखान्यांत कामगार संघ जो वेतनकरार करतो, तो सामान्यतः कायम कामगारांपुरताच असतो.

सभासदांखेरीज इतरांची चिंता संघाने वाहावी काय? नाही म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. संघ वर्गणीवर चालतो. सभासदांची शक्ती परक्यासाठी पणाला लावण्याचा पदाधिकाऱ्यांना अधिकार काय? शिवाय वर्गणी न भरता लाभ घेणारे फुकटे सर्वत्र असतातच. परंतु जो संघात येत नाही आणि ज्याला येणे परवडतच नाही, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो. त्याने तोंड उघडले तर त्याला बडतर्फही करावे लागत नाही. उद्यापासून बोलावले नाही, म्हणजे झाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये मानेसरच्या कायम कामगारांनी काम थांबविले, तेव्हा कामावर न घेतलेल्या कंत्राटी कामगारांना परत घ्यावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढे १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा बळी गेला. त्याचे समर्थन कोणताही विवेकी मनुष्य करणार नाही. पण त्यामुळे आधीच्या मागणीचे नैतिक मोलही उणे होत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती काही त्यांच्या सभेस आलेल्यांपुरतीच नव्हती.

हा प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. हंगामी कर्मचाऱ्यांना समान कामाबद्दल समान वेतनाचे तत्त्व लागू करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २६ ऑक्टोबर २०१६ चा निर्णय पंजाब सरकारच्या कर्मचाऱ्यांसंबंधी होता. आपल्या कचेऱ्यांतही एजन्सीमार्फत आलेला तरुण शेजारच्या मेजावर आपलेच काम करतो. महागाई भत्त्याची थकबाकी निघाल्याची वार्ता येते, तेव्हा तो मुकाट्याने फाईल उलगडतो. आपल्या संघाच्या पुढील मागणीपत्रात त्याच्यासाठी एक कलम घालावयाचे की नाही, हे ठरविण्यास आपणांस कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागू नये.