पिक्चर कसा होता?

चित्रपट सुटला की जिना उतरतानाच निकाल लागतो. ‘बरा होता’, ‘पैसे वसूल’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘डोकं उठलं’. या निकालाला हलकं समजू नये, असं मला मनापासून वाटतं. हिंदी किंवा दाक्षिणात्य मोठ्या चित्रपटाला जाहिरातीचं पाठबळ असतं, मराठी चित्रपटाला बहुतेक वेळा तेही नसतं. शुक्रवारी पाहून आलेल्या बाईने शनिवारी बहिणीला फोनवर काय सांगितलं, यावर पुढच्या आठवड्याचा खेळ राहणार की जाणार हे पुष्कळदा ठरतं. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. त्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ती सक्ती दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेपर्यंत सैल झाली. अशा परिस्थितीत एका प्रेक्षकाचं ‘जाऊन बघ’ फार मोलाचं असतं, आणि ‘नाही बघितलास तरी चालेल’ हे त्याहून जड पडतं.

म्हणून गेल्या काही काळात पाहिलेले आणि पुन्हा पाहिलेले चित्रपट मी मनाशी उतरंडीत लावून पाहतो आहे. वर कोणता आणि तळाला कोणता, हे ठरवताना माझी कसोटी एकच आहे. हा चित्रपट माझ्यावर किती विश्वास टाकतो? मला दिसतंय, मला कळेल, मी जोडून घेईन, असं दिग्दर्शकाला वाटतं का? की कळणार नाही या धास्तीने तो प्रत्येक गोष्ट संवादात सांगून, वर संगीत ओतून, शेवटी चेहरा जवळून दाखवून पक्की करतो?

एप्रिल २०१५मध्येच लागलेला चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ या कसोटीवर फार वर जातो. नारायण कांबळे या वयोवृद्ध शाहिराच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. वीरा साथीदार यांनी शाहीर केला आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात ही गोष्ट पडली असती, तर सरकारी वकील खलनायिका झाली असती. इथे गीतांजली कुलकर्णींची ती वकीलबाई लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. आपल्याच इमारतीत राहत असेल अशी बाई. तीच दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी जुनाट कायद्यांची कलमं सपाट आवाजात वाचून दाखवते. या दोन गोष्टी चित्रपट शेजारी ठेवतो आणि गप्प राहतो. बाह्यांविना कपडे घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकत नाही, हा प्रसंग तर मिनिटभरात येऊन जातो. कॅमेरा पुढे सरकत नाही, कुणी भुवई उंचावत नाही. सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. इथे संपला असं वाटतं, आणि मग न्यायाधीशमहाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले दिसतात. त्या सहलीतून मी काय घ्यायचं, हे संपूर्णपणे माझ्यावर सोडलेलं आहे. शाहीर मात्र तोवर आतच आहे.

पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मी ‘कोर्ट’च्या शेजारीच ठेवतो. २०२४ला कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळाल्यावर आपल्याकडे मथळे झाले, पण त्यातल्या मुंबईबद्दल तेवढं बोललं गेलं नाही. मल्याळी परिचारिका, रत्नागिरीकडची पार्वती, पाऊस, आणि कागदपत्रं नाहीत म्हणून हातातून जाणारं घर. परिचारिकांपैकी प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, त्याचा फोन येत नाही. एक दिवस एक चकचकीत लाल राइस कुकर घरी येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री एकटी असताना प्रभा तो कुकर पोटाशी धरून बसते. बास. लग्न, परदेश, एकटेपणा, शरीराची भूक यांवर एकही वाक्य नाही. कनी कुसृतीने ते इतक्या साधेपणाने केलं आहे, की लिहितानासुद्धा मला त्याला शब्द जोडणं जिवावर येतं.

अविनाश अरुणच्या ‘किल्ला’बद्दल थोडक्यात सांगतो. वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा, आईची कोकणात झालेली बदली, नवी शाळा. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटा टाकून जातात, तेव्हा वडील गेल्याचं दुःख पहिल्यांदा त्याच्या अंगावर येतं. हा चित्रपट मी कुणालाही, कोणत्याही वयात बघायला सांगेन.

आता इथवर माझी कसोटी सरळ चालली. पण ती ‘सैराट’पाशी येऊन अडते, आणि तिथे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

‘सैराट’चा पूर्वार्ध माझ्यावर काहीच सोडत नाही. नायक परशा विहिरीत उडी घेतो तीही गाण्याच्या लाटेवर. नायिका आर्ची बुलेटवरून येते, ट्रॅक्टरवरून येते, आणि प्रत्येक वेळी अजय-अतुलचा वाद्यवृंद आभाळाएवढा होतो. मला काय वाटायला हवं हे चित्रपट वाजवून वाजवून सांगतो, आणि मी ते आनंदाने वाटून घेतो. मग हैदराबाद. गाणी थांबतात, डास येतात, नळावरची भांडणं येतात, संशय येतो. शेवटी माहेरची माणसं आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन दारात उभी राहतात, आर्ची चहा टाकते, आणि त्यानंतर आवाजच उरत नाही. तीन तास ज्या कानांना नागराज मंजुळेंनी संगीताची सवय लावली, त्याच कानांपासून त्यांनी सगळं काढून घेतलं. तेव्हा कळतं, की पूर्वार्धातला एकही सूर फुकट नव्हतं. जे हिरावून घ्यायचं होतं ते आधी भरभरून द्यावं लागलं.

म्हणजे विश्वास टाकणं हे कमी बोलण्यात किंवा संथ असण्यात नाही. उलट काही संथ चित्रपट मला फसवे वाटतात. खिडकीबाहेर बघणारा माणूस, लांबच लांब शॉट, पुढ्यात गार होत चाललेला चहा, आणि त्या माणसाबद्दल दिग्दर्शकाला आपल्याहून जास्त काहीच ठाऊक नाही. महोत्सवांत असे चित्रपट बघून बाहेर पडताना लोक आदराने गप्प असतात. तो आदर मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला शिवकाळावरचे बरेचसे अलीकडचे चित्रपट. तलवार उपसली की वेळ मंदावते, घोषणा होते, ढोल वाजतात, पुढच्या प्रसंगात पुन्हा तेच. बाजीप्रभू किंवा तानाजी यांच्या गोष्टी लहानपणापासून आपल्या रक्तात आहेत. त्या ऐकून आपला ऊर भरून येण्यासाठी एवढ्या आवाजाची गरज नाही. इतिहास ज्यांनी सर्वांत जास्त जिवाशी धरला आहे अशा प्रेक्षकावरच इथे सर्वांत कमी भरवसा ठेवलेला दिसतो, याचं मला वाईट वाटतं.

‘बाईपण भारी देवा’ मात्र मला उतरंडीत कुठेच नीट बसवता येत नाही. २०२३चा तो सर्वांत जास्त चाललेला मराठी चित्रपट. केदार शिंदेंनी सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा यांभोवती तो बांधला. पटकथेत सगळं बोलून दाखवलेलं आहे, प्रत्येक बहिणीच्या दुःखाला स्वतंत्र प्रसंग आणि स्वतंत्र संवाद आहे. घरी टीव्हीवर बघितला तर हे टोचतं. पण थिएटरात बायका गटागटाने आल्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून, सासू-सुना मिळून. पडद्यावरची बाई जे मोठ्याने बोलली, ते त्यांच्यापैकी कित्येकींनी घरात कधी मोठ्याने बोललं नसेल. तिथे मोठ्याने बोलणं हीच गरज होती. कलाकृती म्हणून मी त्याला मधे ठेवेन. त्या बायकांना ‘हा काही थोर चित्रपट नाही’ असं सांगायला मात्र मी जाणार नाही, कारण त्या ज्यासाठी गेल्या होत्या ते त्यांना मिळालं.

आता तळ. सर्वांत वाईट म्हणून मी ‘धडक’चं नाव घेतो, आणि ते नीट समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, कारण तो चित्रपट भोंगळ नाही. २०१८मध्ये ‘सैराट’चं हिंदी रूप म्हणून तो आला. उदयपूरचे तलाव सुंदर टिपले आहेत, दोन्ही नवे कलाकार मेहनती आहेत, संगीत पुन्हा अजय-अतुलचंच आहे आणि ‘झिंगाट’सुद्धा आहे. गेलं काय, तर जात. ती एखाद्या वाक्यात येते आणि विरून जाते. ‘सैराट’मध्ये ती वर्गात होती. पाटलाचा मुलगा शिकवणाऱ्या दलित प्राध्यापकाच्या कानाखाली मारतो आणि त्याचं काहीही बिघडत नाही. एका थपडेत करमाळ्याकडच्या त्या गावाचा सगळा हिशेब समोर येतो. पुढे जे होणार त्याची पहिली खूण तिथे पडलेली असते. ‘धडक’मध्ये मुलीचा बाप श्रीमंत हॉटेलवाला राजकारणी आहे, म्हणून तो चिडतो. मग शेवटचं रक्त कशासाठी? एका रागीट कुटुंबाच्या तऱ्हेवाईकपणासाठी?

वाईट चित्रपट आपण पुष्कळ सहन करतो. अभिनय फसलेला असतो, विनोद शिळा असतो, पैसे कमी पडलेले दिसतात. अशा चित्रपटांबद्दल मला राग येत नाही. कुणीतरी काहीतरी करायला गेलं आणि जमलं नाही, एवढंच. ‘धडक’चा राग येतो, कारण तिथे न जमण्यासारखं काही नव्हतं. गोष्ट ज्या कारणासाठी सांगितली गेली होती तेच कारण काढून टाकलं आणि बाकीचं सगळं गुळगुळीत करून पुन्हा विकलं. जास्त लोकांना जास्त सहज पचेल, असा तो विचार असावा. म्हणजे हिंदी प्रेक्षकाला जात सोसवणार नाही असं धरून चाललं गेलं. ज्या देशात विवाहाच्या जाहिरातीत जात आधी छापली जाते, तिथल्या प्रेक्षकाला!

‘सैराट’ करणाऱ्या मंजुळेंच्याच ‘फँड्री’त डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि शाळकरी जब्याचं कुटुंब हातातलं काम सोडून जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निसटतं. राष्ट्र त्यांना काय देतं आणि ते राष्ट्राला काय देतात, हे त्या निश्चल उभं राहण्यात आहे. पुढे तेच डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. शेवटी जब्याचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. पहिल्या प्रदर्शनानंतर इतकी वर्षं झाली, तरी तो दगड चुकवता येत नाही.

जाता जाता एका अभिनेत्रीबद्दल बोललंच पाहिजे. ‘फँड्री’त जब्याची आई, ‘सैराट’मध्ये हैदराबादला पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी अक्का, ‘लापता लेडीज’मध्ये स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, आणि ‘ऑल वी इमॅजिन’मधली पार्वती. चारही ठिकाणी छाया कदम आहेत. चित्रपट मला किती आवडला हे बाजूला ठेवूनही मी त्यांच्यासाठी तिकीट काढेन. पार्वती बिल्डरच्या भल्यामोठ्या फलकावर दगड मारते, तेव्हा ‘फँड्री’ आठवल्याशिवाय राहत नाही. दिग्दर्शक वेगळे, भाषा वेगळ्या, तरी छाया कदमांच्या चेहऱ्यावर कष्टकरी बाईचा तोच ताठा आहे.

सर्वांत वर मी ताम्हाणेचाच ‘द डिसायपल’ ठेवतो, ‘कोर्ट’च्याही वर. हे पुष्कळांना पटणार नाही. तो थंड आहे, कंटाळवाणा आहे, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. २०२०मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, पण माझं कारण निराळं आहे. शरद नेरुळकर शास्त्रीय गायक व्हायला निघालेला आहे. रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून मोटरसायकलवर जाताना तो कानात आपल्या गुरूंच्या गुरू माईंची दुर्मीळ व्याख्यानं ऐकतो. माईंना आवाज सुमित्रा भावेंचा आहे. चित्रपट नेटफ्लिक्सवर आला त्याच महिन्यात, एप्रिल २०२१मध्ये, भावे गेल्या. साधना, शुद्धता, त्याग यांबद्दलचं ते बोलणं खरंही आहे आणि निर्दयही आहे. शरद रियाज करतो, वय वाढतं, केस विरळ होतात, आणि हळूहळू दिसू लागतं की त्याच्यापाशी ती गोष्ट नाही.

मधे एक प्रसंग आहे. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं जमवणारा एक जाणकार गृहस्थ शरदला भेटतो आणि ग्लास हातात घेऊन, गप्पांच्या ओघात, एकेका थोर गायकाची वाट लावतो. मग शरदच्या गुरूंची. मग माईंची. त्याचं म्हणणं चूक आहे असं चित्रपट कुठेही म्हणत नाही. कदाचित तो अगदी बरोबर असेल. शरद उठतो आणि हातातल्या ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. पुढे हाच शरद रात्री आपल्या गाण्याच्या व्हिडिओखालची अनोळखी माणसांची शेरेबाजी वाचत बसतो. दोन-तीन शब्दांचे निकाल, त्याच्या आयुष्यावरचे.

चित्रपटावर मत देणारा माणूस म्हणून मला त्या प्रसंगात जाणकाराच्या खुर्चीत बसावं लागतं आणि शरदच्याही. जाणकाराकडे ज्ञान आहे, चव आहे, अख्खं कपाट भरून पुरावे आहेत. शरदकडे फक्त प्रेम आहे, आणि त्याची अडचण अशी की ज्याच्यावर प्रेम केलं त्याने त्याला स्वीकारलं नाही. ताम्हाणे यांपैकी कुणाचीही बाजू घेत नाही. शरद झालेल्या आदित्य मोडकचा चेहरा आणि गुरू झालेल्या पं. अरुण द्रविडांचा थकलेला, खरा आवाज तो समोर ठेवतो आणि बाजूला होतो. ‘धडक’ला मी तळाला टाकलं त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण ‘कंटाळवाणा आहे’ म्हणून ‘द डिसायपल’ अर्ध्यावर बंद करणाऱ्या मित्राला मी तो पुन्हा लावायला सांगतो, निदान त्या पाणी फेकण्यापर्यंत. त्यानंतरही त्याला तो कंटाळवाणा वाटला तर मी ऐकून घेईन, फक्त का वाटला हे त्याने मला जिन्यावर नव्हे, सावकाश बसून सांगावं.