भेगाळलेला बैल

पोळा जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात मातीचे रंगवलेले बैल येतात. गुळगुळीत अंगाचे, सोनेरी शिंगांचे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांवर कुणाचं तरी घर चालतं. तक्रार आहे ती चार वर्षांच्या पोराने केलेला वाकडा बैल पूजेच्या पाटावरून हळूच बाजूला सारला जातो, याविषयी.

मुलांच्या हाताला ओलं, खरखरीत, चिकट, गार असं सगळं लागलं पाहिजे, हे आता शहरातल्या पालकांना पटलेलं आहे. ‘सेन्सरी प्ले’ची किट घरपोच येतात. त्यांत रंगीत वाळू असते, न चिकटणारा मऊ गोळा असतो, तो दाबायचे साचेही असतात. हेतू चांगलाच आहे. पण यातलं बहुतेक सामान काहीच बिघडू नये अशा बेताने केलेलं असतं. मला वाटतं, लहान मुलाच्या खेळाच्या सामानात बिघडण्याची सोय हवीच हवी.

आपल्या भागातली काळी माती त्या दृष्टीने फार मोलाची आहे. बेसाल्टच्या झिजेतून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा बैल उन्हात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाला चीर गेलेली असते, एखादा पाय गळालेला असतो. मूल खट्टू होतं. इथे मोठ्यांनी लगेच नवा बैल करून देऊ नये. थोडा भुसा, थोडी वाळू जवळ ठेवावी आणि पुन्हा मळू द्यावं. मातीत तंतू मिसळले की ती एकसंध धरून राहते, हे मुलाला शब्दांत सांगता येणार नाही, पण हाताला कळेल. अजिंठ्याच्या कारागिरांनी भित्तिचित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात साळीचं तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळले, त्यामागेही हीच अडचण होती. शहरापासून शंभरेक किलोमीटरवरची ती चित्रं आपण मुलांना सहलीला नेऊन दाखवतो. तो गिलावा मात्र त्यांना कधीच मळू देत नाही.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासूनची हातकागदाची परंपरा हे गाव सांगतं. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा पाण्यात सोडायचा आणि चाळणीवर उचलून घ्यायचा. घरी हे रद्दीवर होतं. वर्तमानपत्र फाडणं हेच तीन वर्षांच्या मुलाचं अर्ध्या तासाचं काम. रात्रभर भिजवा, सकाळी हाताने कुस्करू द्या, पिठाच्या चाळणीवर पसरून फडक्याने दाबा. पहिला कागद सोलताना फाटतो, कारण थर कुठे जाड पडलेला असतो, कुठे विरळ. पुढच्या वेळी मूल स्वतःहून चाळणी हलवून लगदा सारखा करतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

चूक शिक्षकाने नव्हे, साहित्यानेच दाखवून द्यावी, हा मारिया मॉन्टेसरींचा विचार. त्यांच्या लाकडी दट्ट्यांच्या खेळात एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला, की शेवटी एक उरतोच. पण ती साधनं महाग. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साहित्य उभं केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपल्या-बियांच्या या साहित्याकडे आपण काटकसर म्हणून पाहतो, आणि तिथेच आपलं चुकतं. दट्ट्याला बरोबर जागा एकच असते. मातीला आणि बियांना अनेक असतात, तरी त्या चूक लपवत नाहीत. शिक्षण म्हणून मला ते अधिक श्रीमंत वाटतं.

आता दोन आक्षेप. पहिला अन्न-पाण्याच्या नासाडीचा. तांदूळ रंगवून परातीत ओतायचा प्रकार मलाही पटत नाही. १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत, त्यांच्यासमोर धान्य पायदळी जाऊ नये. चिंचोके आहेत, वाळू आहे. मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटे चिंचोके नकोत, घशात अडकतात. गुंजा विषारी, त्या घरातच नकोत. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही नकोत, पोटात गेले तर तिथेही फुगतात. पाण्याचं म्हणाल, तर जायकवाडी जवळ असूनही शहरातल्या कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. मग एकच पातेलं पाणी द्यावं आणि खेळ संपल्यावर ते मुलाच्याच हातून कुंडीत ओतून घ्यावं. मोजून मिळालेलं पाणी मूल अधिक जपून ओततं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त खरा आहे. वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या आईला कागदाचा लगदा करायला सांगणं अन्यायाचं आहे. तिच्या घरी कणकेचा एक गोळा, सोलायला तुरीच्या शेंगा, निवडायची मेथी पुरे. हे मुलीच्या गळ्यात काम म्हणून पडतं आणि मुलगा बाहेर खेळतो, तेवढं मात्र थांबलं पाहिजे. परात दोघांपुढे ठेवावी, आणि वडिलांनीही शेजारी बसावं.

अंगणवाडीत हे रोज घडू शकतं. माती आणि रद्दी तिथे फुकट आहे. नाही तो सेविकेचा वेळ: तो पोषणाच्या नोंदी, वह्या आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये जातो. खेळण्यांची नवी पेटी देण्याआधी नोंदींसाठी तिला वेगळा मदतनीस द्यावा, म्हणजे सकाळचे दोन तास तिला मुलांबरोबर जमिनीवर बसता येईल.