उपशम आणि सत्य

अर्धशिशीने ज्याचे अर्धे मस्तक दिवसदिवस ठणकते, प्रकाश आणि आवाज ज्याला असह्य होतात, त्याला आराम देणारा उपाय कोणत्या तत्त्वावर उभा आहे, ही चौकशी सुचत नाही, आणि ती त्याने करावी अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. परंतु इलाज करणाऱ्याला मात्र ती टाळता येणार नाही. १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे भारतात आणलेल्या ॲक्युपंक्चर विद्येचाच दाखला घ्यावा. २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने अर्धशिशीवरील या विद्येच्या २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के रुग्णांच्या डोकेदुखीच्या खेपा निम्म्याने वा अधिक घटल्या. पण भलत्या जागी किंवा केवळ देखाव्यापुरत्या सुया लावलेल्यांतही हे प्रमाण सुमारे ४१ टक्के भरले. म्हणजे आलेल्या गुणात नेमक्या बिंदूचा वाटा थोडा. व्याधीचा स्वाभाविक उतार, शुश्रूषा आणि विश्वास यांचा मोठा.

असे असेल तर भामरागड वा एटापल्लीच्या अरण्यात कपाळावर हात ठेवून देवाची करुणा भाकणारा पुजारी आणि सुई टोचणारा वैद्य यांच्यात भेद तो कोणता? गुण आला म्हणजे विद्या खरी, असे श्रद्धाळू म्हणेल. विद्या असिद्ध म्हणून गुणही भ्रामक, असे बुद्धिवादी म्हणेल. मला दोन्ही निवाडे अमान्य आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात ज्याच्या धम्माची दीक्षा विशाल जनसमुदायाला दिली, त्या बुद्धाने संयुक्त निकायातील सल्लसुत्तात देहपीडेचा एक बाण आणि त्या पीडेपायी होणाऱ्या शोकाचा दुसरा, असा विवेक केला आहे. विश्वास हा दुसरा बाण उपटतो, आणि त्यामुळे लाभलेला उपशम भोगणाऱ्याच्या अनुभवात सर्वस्वी खरा असतो. मात्र तो उपशमाचाच पुरावा होय, निदानाचा नव्हे.

भामरागड-एटापल्लीच्या मुलखात हा भेद प्राणाशी निगडित आहे. येथे तापासह उठलेली डोकेदुखी फाल्सिपेरम हिवतापाची असू शकते, आणि घटकाभराच्या आरामावर विसंबून रक्ततपासणी लांबली, तर तो हिवताप मेंदूला ग्रासून जीव घेतो.

मग रुग्णाचा विश्वास राखण्यासाठी असत्याचा आश्रय घ्यावा काय? त्याची गरजच नाही. अर्धशिशीच्या ६६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिच्यात औषध नाही असे स्पष्ट सांगून दिलेल्या गोळीनेही, काहीच न घेतल्याच्या मानाने वेदना कमी झाली. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना उभारला, तो आदिवासी गावासारख्या झोपड्यांचा, आप्तांना रुग्णाजवळ राहण्याची मुभा देणारा आणि दंतेश्वरी मातेचे नाव धारण करणारा. तेथील उपचार आधुनिक शास्त्राचे, आणि विश्वास संपादन करण्यासाठी कोणाला फसवावे लागले नाही.

श्रद्धेला वैद्यकाच्या दारातून हाकलणे हा जसा निर्दयपणा, तसे तिच्या आडून खोटे सांगणे हा अधर्म. ज्याने आपले दुखरे मस्तक विश्वासाने हाती सोपवले, त्याला आराम देणे आणि इलाजाची मर्यादा त्याला उघड सांगणे, ही दोन्ही एकाच दयेची अंगे आहेत. एकाच्या नावाने दुसरे टाळण्याचा अधिकार पुजाऱ्याला नाही, आणि डॉक्टरलाही नाही.