मैदानावरील वाद्यवृंद आणि निवेदकाचा शब्द

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने गावोगावी जी बिगूल-ढोलांची पथके उभी राहिली, त्यांचेच आजचे, पुष्कळ वाढलेले आणि पुष्कळ बदललेले रूप म्हणजे ‘ड्रम कोर’ होय. विशीच्या आसपासचे सुमारे दीडशे तरुण-तरुणी उन्हाळाभर परगावच्या शाळांतील व्यायामशाळांच्या जमिनीवर पथारी पसरून झोपतात, बसगाड्यांतून देश पालथा घालतात आणि रोज संध्याकाळी एखाद्या फुटबॉलच्या मैदानावर आठ ते बारा मिनिटांचा एकच एक खेळ सादर करतात. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज ही त्या खेळाची साधने. बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांना तेथे अद्यापि मज्जाव आहे. १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावी या पथकांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हापासून पुढची तीस-बत्तीस वर्षे, जे काही सांगायचे ते फुंकून, बडवून आणि चालून सांगायचे, असा या कलेचा शिरस्ता होता.

तो मोडला २००४ साली, आणि मोडला तोही एका अगदी निरुपद्रवी कारणासाठी. मारिंबा, व्हायब्राफोन यांसारखी नाजूक वाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली असत. त्यांचा नाद प्रेक्षागाराच्या वरच्या रांगांपर्यंत पोहोचावा म्हणून वादकांना कठीण डोक्याच्या काठ्यांनी त्या पट्ट्यांवर अक्षरशः घाव घालावे लागत, आणि वाद्याचा मूळचा गोडवा त्यात हरपून जाई. तेव्हा ध्वनिवर्धक वापरण्याची मुभा देण्यात आली. पण मायक्रोफोन ही वस्तू अशी आहे, की ती एकदा मांडली म्हणजे तिच्यापुढे उभे राहून बोलावे, असे कोणाला तरी वाटल्यावाचून राहत नाही. पाहता पाहता वादकांच्या पुढे निवेदक उभा राहिला. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे १९३४ साली स्थापन झालेले आणि पुढे ‘द कॅडेट्स’ या नावाने ख्यात झालेले पथक या नव्या वाटेवर सर्वांत दूरवर गेले. २००७ च्या त्यांच्या ‘धिस आय बिलीव्ह’ या प्रयोगात सभासद स्वतःविषयी, पथकातील आपल्या आयुष्याविषयी आणि आपल्या श्रद्धांविषयी ध्वनिवर्धकातून इतके बोलले, की त्या प्रयोगाचे नाव काढताच जुन्या रसिकांत आजही दोन तट पडतात.

जुन्यांची तक्रार मुख्यतः शुद्धतेची आहे. ती मला फारशी पटत नाही. ज्या कलेने बिगुलाला आधी एक झडप, मग दोन, मग तीन झडपा बसवून घेतल्या आणि २००० सालापासून कोणत्याही स्वरपट्टीचे पितळी वाद्य चालवून घेतले, तिने शब्दापाशीच येऊन सोवळे नेसावे, याला आधार नाही. शिवाय संगीत आणि बोललेला शब्द यांचा घरोबा पाश्चात्त्य परंपरेत चांगलाच जुना आहे. प्रोकोफिएव्हचे ‘पीटर अँड द वुल्फ’ १९३६ चे. त्यातला निवेदक काढला तर लांडग्याने बदक केव्हा गिळले हे कळायला मार्ग नाही. संगीतकार ब्रिटन याने १९४६ च्या सुमारास मुलांना वाद्यवृंदाची ओळख करून देण्यासाठी जी रचना केली, तीही निवेदनासह लिहिली होती. पण तेथील निवेदन अलगद उचलून बाजूला ठेवता येते, आणि पुष्कळ वाद्यवृंद ते तसे ठेवतातही. कोपलंडच्या १९४२ च्या ‘लिंकन पोर्ट्रेट’ची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. तेथे निवेदक जवळजवळ अर्धी रचना संपेतो नुसता स्तब्ध उभा असतो. श्रोत्यांच्या मनात एका मोठ्या, एकाकी पुरुषाची आकृती वाद्यवृंदाने आधीच उभी केलेली असते, आणि मग त्या पुरुषाच्या पत्रांतील आणि भाषणांतील वाक्ये, कोणताही अभिनिवेश न आणता, साध्या आवाजात वाचली जातात. स्वरांना जे कदापि साधणार नाही तेवढेच काम, म्हणजे एका विवक्षित माणसाची विवक्षित उक्ती पुढे ठेवण्याचे, कोपलंडने शब्दांकडे सोपवले. बाकीचे सगळे त्याने आपल्याकडे ठेवून घेतले.

तेव्हा शब्द आणि सूर एकत्र नांदू शकतात, हे सिद्धच आहे. प्रश्न मैदानाचा आहे.

अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब, आणि ४९ मीटर रुंद असते. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरांच्या आसपास धावतो. म्हणजे मागच्या कडेला उभ्या असलेल्या ढोलवाल्याचा ठोका पुढच्या कडेपर्यंत यायला सेकंदाचा सातवा भाग तरी लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्राच मुळी सेकंदाच्या तीन अष्टमांशांएवढी असते, आणि सातवा भाग म्हणजे मात्रेचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा झाला. म्हणून पुढे उभे असलेले मारिंबावाले पुष्कळदा संचालकाच्या हाताकडे न पाहता पाठीमागून येणाऱ्या ढोलाकडे कान लावून वाजवतात. निवेदकालाही तेच करावे लागते: त्याचा आवाज शेजारच्याच कर्ण्यातून तत्काळ बाहेर पडणार, तेव्हा मागच्या तुताऱ्या आपल्यापर्यंत येऊन पोहोचेपर्यंत ओठांवर आलेले अक्षर त्याने धरून ठेवायचे. त्यात २००९ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी इंडियानापोलिस येथील छताच्या प्रचंड क्रीडागारात होते. तेथे ऐंशी पितळी वाद्ये एका झटक्यात थांबली तरी त्यांचा नाद छताखाली घुमत राहतो, आणि त्या घुमाऱ्यात निवेदकाच्या वाक्याचा पहिला शब्द बुडतो. शब्दाचा अर्थ कळतो तो प्रामुख्याने व्यंजनांवरून, आणि व्यंजनांचे ते बारीक, कर्कश आघात ध्वनीच्या ज्या पट्ट्यात मोडतात, त्याच पट्ट्यात ट्रंपेटचा लखलखाट असतो. मग रचनाकारापुढे दोनच मार्ग उरतात: निवेदकाचा आवाज वाढवायचा, किंवा वादकांना गप्प बसवायचे. बहुतेकजण दोन्ही करतात.

येथे माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ आहे, आणि ती ध्वनिशास्त्राने सुटणारी नाही. मैदानावरील संगीत ही मुळातच अनामिकांची कला आहे. दीडशे माणसे एका मापाची पावले टाकत, एका क्षणी श्वास घेत, एक वर्तुळ तिरपे करून त्याचे चौकोनात रूपांतर करतात, तेव्हा त्यातला कोणीही ‘मी’ म्हणत नसतो. आणि प्रेक्षकाला जो रोमांच होतो तो या ‘मी’च्या विलयाचाच असतो. एकल वादक पुढे येतो, नाही असे नाही. पण त्याच्याही हाती तेच पितळ असते जे मागच्यांच्या हाती आहे, आणि सोळा मात्रांनी तो पुन्हा रांगेत मिसळतो. निवेदकाचे तसे नाही. तो तोंड उघडतो त्याच क्षणी मैदानावर एक माणूस आणि त्याचे साथीदार अशी वाटणी होते. उन्हाळाभर उन्हात पावले घोटून तयार झालेला तो समूह पार्श्वसंगीत होऊन बसतो, आणि गंमत अशी की निवेदक बोलत असतो तो बहुधा त्या समूहाच्याच थोरवीविषयी. आम्ही एक आहोत, असे एकट्याने कर्ण्यातून सांगावे आणि जे एक आहेत त्यांनी तेवढा वेळ हळू वाजवावे, यातली विसंगती २००७ च्या त्या प्रयोगात मला ठायी ठायी जाणवते, मग त्या मुलांच्या सच्चेपणाविषयी मनात तिळमात्र शंका नसली तरी.

आणखी एक अडचण पुनरावृत्तीची आहे. हे प्रयोग एका रात्रीचे नसतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत तोच खेळ गावोगाव होतो, आणि या कलेचे भक्त तो पुनःपुन्हा पाहतात, नंतर चित्रफितींवर वर्षानुवर्षे पाहतात. चांगल्या स्वररचनेला या फेऱ्यांचा लाभच होतो. माहितीचे वाक्य मात्र पहिल्या श्रवणातच आपले काम आटोपून मोकळे होते. दुसऱ्या वेळी ते नुसते ऐकून घ्यावे लागते, आणि पाचव्या वेळी कान त्याच्या संपण्याची वाट पाहू लागतो. काव्य याला अपवाद आहे. परंतु या प्रयोगांतील निवेदन सहसा काव्य नसते, सूचनापत्राच्या मजकुराशीच त्याचे नाते अधिक जवळचे असते.

आपल्याकडे २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा होतो, त्यातही निवेदक असतो, पण तो येणाऱ्या पथकाचे आणि धुनीचे नाव जाहीर करतो आणि बाजूला होतो. ती दरबारातली ललकारी झाली, कलेचा घटक नव्हे. म्हणून ती कोणाला खुपत नाही. कीर्तनात मात्र बोललेला शब्द खरोखर कलेचा घटक असतो. बुवा पूर्वरंगात निरूपण करीत असता मृदंगी हात आवरून बसतो किंवा बोटांनी नुसता ठेका धरतो, आणि कथा रंगात येऊन गद्य जेव्हा लयीला लागते, तेव्हा ते पद्यात केव्हा शिरले हे श्रोत्याला कळतही नाही. पण तेथे बुवाच केंद्र आहेत आणि मृदंगी साथीला आहे, हा करार उभयपक्षी पहिल्यापासून मंजूर असतो. मैदानावरच्या मृदंग्याने असा करार केलेला नसतो. तो स्वतः केंद्र होण्यासाठीच तेथे आलेला असतो.

मग निवेदक हद्दपारच करावा काय? मी तसे फर्मान काढणार नाही. जेथे नाव, तारीख किंवा कोणाची साक्ष अपरिहार्य आहे, तेथे शब्दाला पर्याय नाही. युद्धात पडलेल्यांची नावे तुतारीला उच्चारता येत नाहीत. मात्र तो शब्द रांगेतून यावा, रांगेसमोरून नव्हे. वाद्य खाली करून, धापा टाकणाऱ्या छातीनेच कोणी वादक चार शब्द बोलला, शेजाऱ्याने पुढचे चार उचलले आणि शेवटचे सगळ्यांनी मिळून म्हटले, तर तो समूहाचाच आवाज राहतो. आणि तो जिवंत असावा, हे तर फार महत्त्वाचे. ध्वनिमुद्रित निवेदन सोयीचे खरे: त्याला घसा बसण्याचे भय नाही. पण त्याची गती ठरून गेलेली असते, आणि वाऱ्याने, उकाड्याने किंवा उत्साहाने त्या रात्रीची लय थोडी पुढेमागे झाली, तर दीडशे जणांना एका यंत्राच्या मागे धावावे लागते. समोर उभा असलेला बोलणारा निदान मागच्या ढोलाकडे कान देऊन थांबू शकतो. तुताऱ्यांचा स्वर लांबला, तर आपला शब्दही तेवढा लांबणीवर टाकू शकतो.